दोन शिक्षक, दोन वर्ग : ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ आणि ‘डेड पोएट्स सोसायटी’

१

रूढ चौकटीत न बसणारा शिक्षक आणि त्याच्या सहवासाने भारावून गेलेले विद्यार्थी हे कथासूत्र इंग्रजी चित्रपटांत इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याचा एक ठरीव साचाच तयार झाला आहे. परंपरेचा अभिमान मिरवणारी शिक्षणसंस्था, तिच्या शिस्तीला न जुमानणारा एक शिक्षक, त्याने निवडलेले किंवा त्याच्याभोवती आपोआप जमलेले मोजके विद्यार्थी, वरिष्ठांचा रोष आणि शेवटी त्या शिक्षकाची हकालपट्टी, असा हा साचा आहे. साच्यात बसणाऱ्या कलाकृतींकडे समीक्षेने वळू नये असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. तो फारसा हितावह नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन कलाकृती परस्परविरुद्ध निर्णयांना येऊन पोहोचतात, तेव्हा साचा समान असल्यामुळेच त्यांच्यातील भेद स्पष्ट दिसू लागतो.

प्रस्तुत लेखात अशा दोन चित्रपटांचा तौलनिक विचार करावयाचा आहे. पहिला रोनाल्ड नीम यांनी दिग्दर्शित केलेला ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ (१९६९) आणि दुसरा पीटर विअर यांचा ‘डेड पोएट्स सोसायटी’ (१९८९). मराठीच्या अभ्यासकाने या परभाषीय चित्रपटांची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की साहित्य शिकवणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न दोहोंच्या मुळाशी आहे. आणि तो आपल्याही वर्गातला प्रश्न आहे. कवितेने विद्यार्थ्याला हलवून सोडणारा शिक्षक आपल्या सर्वांच्याच मनात आदर्श म्हणून उभा असतो. त्या आदर्शाची तपासणी मात्र आपण क्वचितच करतो.

प्रथम दोन्ही कथांची पार्श्वभूमी पाहू. ब्रॉडीची कथा १९३२ मध्ये एडिंबरो येथे सुरू होते. मार्शिया ब्लेन ही मुलींची शाळा. मिस जीन ब्रॉडी तेथे लहान मुलींच्या वर्गाला शिकवते. तासाला पुस्तक उघडलेले असते इतिहासाचे. प्रत्यक्षात ती सांगत असते इटलीच्या प्रवासाच्या आणि महायुद्धात पडलेल्या आपल्या प्रियकराच्या गोष्टी. कीटिंगची कथा १९५९ मधील, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील. वेल्टन अकादमी ही मुलांची निवासी शाळा त्या वर्षी शताब्दी साजरी करीत आहे. जॉन कीटिंग तिचाच माजी विद्यार्थी. तो इंग्रजीचा शिक्षक म्हणून परत येतो.

ब्रॉडीच्या चित्रपटामागे म्युरिएल स्पार्क यांची त्याच नावाची १९६१ मधील कादंबरी आहे. जे प्रेसन ॲलन यांनी तिचे नाटक केले आणि पुढे त्या नाटकावरून पटकथाही त्यांनीच लिहिली. मॅगी स्मिथ यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. ‘डेड पोएट्स सोसायटी’चा प्रवास उलट दिशेचा आहे. टॉम शुलमन यांची पटकथा स्वतंत्र. तिलाही ऑस्कर मिळाले आणि तिच्यावरून एन. एच. क्लाइनबॉम यांनी नंतर कादंबरी बेतली. एक योगायोग मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एडिंबरोच्या जेम्स गिलेस्पीज शाळेत स्पार्क यांना शिकवणाऱ्या क्रिस्टिना के या ब्रॉडीच्या मूळ प्रेरणा होत्या. आणि शुलमन यांच्या नॅशव्हिलमधील शाळेतील शिक्षक सॅम्युएल पिकरिंग हे कीटिंगच्या घडणीत काही अंशी आहेत. म्हणजे या दोन्ही शिक्षक-कथा एका अर्थी विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आहेत. लिहिताना एका विद्यार्थिनीने आपल्या शिक्षिकेला तपासले, तर दुसऱ्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला वंदन केले.

कथेचा सांगाडा जवळजवळ सारखा आहे. दोन्हीकडे शिक्षकाभोवती एक लहानसा गट आहे. दोन्हीकडे त्या गटातील एका विद्यार्थ्याचा मृत्यू होतो. दोन्हीकडे विद्यार्थ्यांच्याच जबानीवर शिक्षकाची नोकरी जाते. असे असूनही ब्रॉडी जाते तेव्हा प्रेक्षक सुस्कारा सोडतो आणि कीटिंग जातो तेव्हा त्याचे डोळे भरून येतात. हा फरक त्या दोन शिक्षकांच्या शिकवण्यातील आहे, की चित्रपटांनी त्यांच्याकडे पाहण्याच्या रीतीतील?

२

कीटिंगच्या वर्गातील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे पाठ्यपुस्तकाची पाने फाडण्याचा. डॉ. जे. इव्हान्स प्रिचर्ड या (काल्पनिक) विद्वानाचा प्रास्ताविक निबंध विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घेतला जातो. कवितेचे महत्त्व आणि तिची सफाई या दोन अक्षांवर आलेख काढून तिची थोरवी मोजता येते, असा त्याचा सिद्धांत. कीटिंग तो आलेख फळ्यावर काढतो, मुले वहीत उतरवून घेऊ लागतात, आणि मग तो ही सारी पाने फाडून टाकण्याची आज्ञा देतो. ‘रसग्रहणाचे मुद्दे’ गाईडमधून पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका ज्याने तपासल्या आहेत, अशा कोणत्याही मराठीच्या शिक्षकाला हा प्रसंग पाहून आनंद व्हावा, यात नवल नाही. प्रस्तुत लेखकालाही तो झाला होता.

परंतु पाने फाडून झाल्यावर त्या जागी काय येते? हा प्रश्न विचारला की अडचण सुरू होते. संपूर्ण चित्रपटात कीटिंगच्या वर्गात एकही कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिच्यावर चर्चा झालेली दिसत नाही. कवितांचे तुकडे येतात, आणि प्रत्येक तुकडा एका घोषणेसाठी वापरला जातो. आणखी बारकाईने पाहिले तर असे आढळते की ज्या कवितांचे हे तुकडे आहेत, त्या कवितांचा उरलेला भाग कीटिंगच्या घोषणेशी मुळीच जुळणारा नाही.

पहिल्याच तासाला तो मुलांना वर्गाबाहेर नेऊन जुन्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांपुढे उभे करतो आणि सतराव्या शतकातील रॉबर्ट हेरिक यांची कुमारिकांना उद्देशून लिहिलेली कविता वाचायला लावतो. वाचले जाते फक्त पहिले कडवे. फुले आहेत तोवर वेचून घ्या, हा त्यातील उपदेश कीटिंग होरेसच्या ‘कार्पे दीएम’ या सूत्राशी जोडतो आणि आयुष्य असाधारण करा, असा त्याचा अर्थ सांगतो. शेवटच्या कडव्यात हेरिक यांचा सल्ला निघतो तो मात्र अगदी चारचौघांसारखा : लाजत बसू नका, वेळ आहे तोवर लग्न करून टाका. असाधारण आयुष्याची ही हाक नव्हे. वेल्टनच्या पालकांनाही पटेल असे ते व्यवहारज्ञान आहे. कविता पूर्ण वाचली असती तर त्या मुलांना एक अवघड पण रंजक प्रश्न पडला असता. मृत्यूची जाणीव माणसाला बंडाकडे नेते की रूढीच्या आश्रयाला?

रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या दोन वाटांच्या कवितेचे तसेच. अंगणात मुलांना चालायला लावून, सर्वजण नकळत एका तालात कसे पडू लागतात हे कीटिंग दाखवतो आणि वेगळी वाट धरण्याच्या समर्थनार्थ या कवितेच्या अखेरच्या ओळींचा आधार घेतो. पण मधल्या कडव्यांत निवेदक स्वतःच कबूल करतो की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या. आपण वेगळी वाट निवडली ही कहाणी तो पुढे कधीतरी, सुस्कारा टाकीत, सांगणार आहे. केविन डेटमार यांनी २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मधील लेखात या विपर्यासावर नेमके बोट ठेवले होते. चुकीचा अर्थ लावला एवढाच हा दोष नाही. आपण स्वतःविषयी सांगत असलेल्या कथांवर किती विश्वास ठेवावा, हा त्या कवितेचा विषय आहे. आणि पुढे नाटकात काम करण्यासाठी परवानगीचे खोटे पत्र तयार करणाऱ्या नील पेरीला त्याचीच गरज होती.

व्हिटमनचे उदाहरण सर्वांत बोलके. आपल्याला ‘कॅप्टन’ म्हणून संबोधले तरी चालेल, असे कीटिंग मुलांना पहिल्याच दिवशी सुचवतो. हे संबोधन व्हिटमन यांनी लिंकनच्या हत्येनंतर १८६५ मध्ये लिहिलेल्या शोककवितेतले. त्या कवितेतील कॅप्टन मेलेला आहे. जहाज बंदराला लागले आहे, लोक जल्लोष करीत आहेत आणि तो डेकवर निष्प्राण पडला आहे. शिवाय मुक्तछंदाचा हा प्रवर्तक जेव्हा यमक आणि ठरावीक लय सांभाळून लिहितो, तेव्हाची ही कविता आहे. त्याच्या एकूण काव्यात ती सर्वांत रूढ वळणाची म्हणावी लागेल. प्रिचर्डच्या आलेखात ती चांगलीच वर गेली असती. चित्रपटाचा शेवट याच संबोधनावर होतो आणि शोककवितेचे जयघोषात रूपांतर झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा कीटिंगच्या वर्गात कविता शिकवली जात नाही, कवितेच्या साहाय्याने दुसरे काहीतरी शिकवले जाते. ते दुसरे वाईट आहे असे मुळीच नाही. बुजऱ्या टॉड अँडरसनला फळ्यापाशी उभे करून, डोळे झाकून, त्याच्या तोंडून उत्स्फूर्त प्रतिमा काढून घेण्याचा प्रसंग अप्रतिम आहे, आणि रॉबिन विल्यम्स यांनी तो केवढ्या संयमाने केला आहे! मुलगा बोलून थांबल्यावर कीटिंग त्याला काही समजावत बसत नाही. जे घडले ते विसरू नकोस, एवढेच हलक्या आवाजात सांगतो. शिक्षकाला क्वचितच लाभणारा असा हा क्षण आहे. पण तो आत्मविश्वासाचा धडा आहे, काव्यवाचनाचा नव्हे. २००० साली हिंदीत आलेल्या ‘मोहब्बतें’मध्ये हीच चौकट उचलली गेली तेव्हा कवितेच्या शिक्षकाच्या जागी व्हायोलिन वाजवणारा संगीतशिक्षक आला आणि कथेचे काहीही अडले नाही, हे या दृष्टीने उद्बोधक आहे.

३

ब्रॉडीच्या वर्गाचा प्रकार वेगळा. तिला स्वातंत्र्य शिकवायचेच नाही. शिक्षण या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘बाहेर काढणे’ या लॅटिन धातूवरून आला आहे. विद्यार्थिनीत जे आहे ते बाहेर काढणे म्हणजे शिक्षण आणि तिच्यात काही कोंबणे म्हणजे घुसखोरी, अशी व्याख्या ती मोठ्या ठसक्यात मांडते. वर्गात करते ते नेमके उलटे. सर्वांत थोर इटालियन चित्रकार कोण, असे ती विचारते. लिओनार्दो, असे उत्तर येते. ते चूक, उत्तर जोत्तो, कारण तो आपला आवडता आहे, असे ती सांगते. अभिरुचीचे वस्तुस्थितीत रूपांतर करण्याची ही रीत विनोदी वाटते, पण त्याच रीतीने ती पुढे मुसोलिनी आणि फ्रँको यांनाही थोर ठरवते, तेव्हा हसू थिजते. मुख्याध्यापिका मिस मॅके यांनी भिंतीवर लावलेल्या स्टॅन्ली बाल्डविनच्या चित्राकडे बोट दाखवून, ‘सुरक्षितता प्रथम’ हे त्यांचे ब्रीद खोटे आहे, प्रथम येतात ते सत्य, शिव आणि सुंदर, असे ती मुलींना बजावते. हे वाक्य कीटिंगच्या तोंडी घातले तरी ते शोभून दिसले असते. नव्हे, त्याचे बरेचसे बोलणे याच अर्थाचे आहे.

येथे एक सामाजिक संदर्भ नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाने ज्यांचे नियोजित वर हिरावून नेले अशा अविवाहित स्त्रियांची एक पिढीच त्या काळी ब्रिटनमध्ये होती. विवाहित शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे, हा दंडक स्कॉटलंडमध्ये १९४५ पर्यंत टिकून होता. ब्रॉडीचे सारे भावविश्व त्यामुळे वर्गाच्या चार भिंतींतच सामावले आहे. तिच्या विद्यार्थिनी हे तिचे कुटुंब, तिचे प्रेक्षक आणि तिचे अपत्य, सर्व काही आहे. कीटिंगच्या टेबलावर लंडनमधील एका स्त्रीचे छायाचित्र आहे, त्याला वेल्टनबाहेरही आयुष्य आहे. ब्रॉडीला शाळेबाहेर काही नाही. शिक्षक विद्यार्थ्यांकडून काय घेतो, हा प्रश्न पहिल्या चित्रपटात विचारला जातो आणि दुसऱ्यात जात नाही, त्याचे एक कारण हे असावे.

तथापि ब्रॉडीच्या वर्गात एक गोष्ट घडते, जी कीटिंगच्या वर्गात घडत नाही. तेथे एक संहिता शेवटपर्यंत, बारकाईने आणि संशयाने वाचली जाते. ती संहिता म्हणजे स्वतः ब्रॉडी. सँडी आणि जेनी या दोघी आपल्या शिक्षिकेने संगीतशिक्षक लाउदर यांना लिहिलेले एक कल्पित प्रेमपत्र रचतात. तिची शब्दकळा, तिची ऐट, तिचे अलंकार त्यांनी अचूक उचललेले असतात. हे पत्र मिस मॅके यांच्या हाती पडते आणि एक मोठा विनोदी प्रसंग त्यातून उभा राहतो. साहित्याच्या दृष्टीने पाहिले तर विडंबन ही वाचनाची फार वरची पायरी आहे. शैली आत्मसात केल्याशिवाय आणि तिच्यापासून दूर झाल्याशिवाय विडंबन साधत नाही. कादंबरीत हा धागा आणखी पुढे जातो. युद्धात पडलेल्या ह्यू या प्रियकराच्या गोष्टीत ब्रॉडी पुढे पुढे नवे तपशील घालू लागते. चित्रकार लॉइड आणि गायक लाउदर यांचे गुण त्या मृत माणसाला चिकटतात. सँडी हे टिपते. आपली शिक्षिका आपल्या आयुष्याची जुळणी कथेप्रमाणे करीत आहे, हे तिला कळते. पाठभेद ताडून संपादकाने प्रक्षेप ओळखावा, तसे हे आहे.

४

दोन्ही चित्रपटांत चित्रांना विशेष स्थान आहे. चित्रकलेचा शिक्षक टेडी लॉइड हा ब्रॉडीच्या प्रेमात आहे. तो तिच्या विद्यार्थिनींची चित्रे काढतो आणि चेहरा कोणाचाही असो, कॅनव्हासवर उमटते ती ब्रॉडीच. सँडी त्याची प्रेयसी होते, त्याच्यासमोर बसते आणि आपल्याही चित्रात ब्रॉडीच पाहते. प्रभाव या शब्दाचा याहून भेदक दृश्य अनुवाद प्रस्तुत लेखकाने पाहिलेला नाही. आपल्याकडे एकलव्याच्या कथेत शिष्य गुरूची मूर्ती घडवतो. येथे शिष्येची प्रतिमाच गुरूची होऊन बसते. किंमत मात्र दोन्हीकडे शिष्यालाच मोजावी लागते.

वेल्टनमधील छायाचित्रे याच प्रकाशात पाहावीत. जुन्या विद्यार्थ्यांचे चेहरे दाखवून कीटिंग मुलांना सांगतो की ही माणसे तुमच्याहून फारशी वेगळी नव्हती आणि आता ती माती झाली आहेत. परिणामकारक प्रसंग आहे. पुढे मुले शाळेचा जुना वार्षिक अंक शोधून काढतात. त्यात त्यांना विद्यार्थिदशेतील कीटिंग सापडतो आणि त्याच्या नोंदीत ‘डेड पोएट्स सोसायटी’ हे नाव. मग ती गुहा, त्या रात्रीच्या बैठका, सुरुवातीला वाचावयाचा थोरोचा उतारा, सारे जसेच्या तसे पुन्हा सुरू होते. वॉल्डन तळ्याकाठी एकांतात राहिलेल्या थोरोचा उतारा टोळक्याने जमून मंत्रासारखा म्हणावा, यातील विसंगती सोडून देऊ. महत्त्वाचे हे की आपल्या स्वातंत्र्याचा पहिला आविष्कार म्हणून ही मुले जे करतात, ते शिक्षकाच्या तारुण्याचे अनुकरण आहे. त्यांचेही चित्र कीटिंगसारखे उमटू लागले आहे. फरक इतकाच की ‘डेड पोएट्स सोसायटी’त ते चित्र पाहून चपापणारी सँडी नाही.

शंका व्यक्त करणारा एक आवाज आहे, तो लॅटिनच्या मॅकॲलिस्टर या शिक्षकाचा. सतराव्या वर्षी स्वतंत्र विचार कसला, आपण शेक्सपिअर वा मोत्सार्ट नाही हे कळल्यावर ही मुले तुमचाच द्वेष करतील, असे तो कीटिंगला जेवताना ऐकवतो. मला कलावंत नव्हे, स्वतंत्र विचार करणारी माणसे घडवायची आहेत, असे कीटिंगचे उत्तर. हा संवाद तेथेच संपतो. पुढे तो रंगला असता तर चित्रपटाचा तोल बदलला असता. चित्रपटाच्या शेवटी हाच मॅकॲलिस्टर आपल्या वर्गाला बर्फातून फिरवीत लॅटिन शिकवताना दिसतो आणि जाणाऱ्या कीटिंगला हात हलवून निरोप देतो. तो वाद घालत होता. तरी बदलला तोच. वादाशिवाय बदललेल्या मुलांपेक्षा त्याचा बदल अधिक खरा वाटतो.

५

आता दोन मृत्यू. तोतरी, पोरकी, सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेली मेरी मॅकग्रेगर ब्रॉडीच्या बोलण्याने पेटून स्पेनच्या यादवी युद्धात सामील झालेल्या भावाकडे निघते आणि वाटेत रेल्वेगाडीवर झालेल्या हल्ल्यात मरते. ब्रॉडी तिला वीरांगना ठरवते. सँडी तिला शेवटी ऐकवते की मेरीचा भाऊ फ्रँकोच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बाजूने लढत होता. ब्रॉडीने त्याची चौकशीही केली नव्हती. प्रेरणा देणाऱ्याने निदान वस्तुस्थिती तपासावी, एवढीही अपेक्षा तिने पुरी केलेली नाही.

कादंबरीत मेरी हॉटेलला लागलेल्या आगीत मरते आणि स्पेनला जाते ती जॉइस एमिली नावाची दुसरीच मुलगी. नाटककर्तीने या दोघींना एकत्र केले. तसेच कादंबरीत मेरीचा मृत्यू कसा होणार आणि सँडी पुढे जोगीण होणार, हे स्पार्क आरंभीच सांगून टाकतात. कथन वारंवार भविष्यात डोकावते आणि शिक्षिकेच्या प्रत्येक भव्य वाक्यावर पुढच्या काळाची सावली पडते. आपला विश्वासघात कोणी केला, हे त्यातील ब्रॉडीला अखेरपर्यंत खात्रीने कळत नाही. चित्रपटाने कालक्रम सरळ केला आणि जे कादंबरीत नाही ते घडवले : सँडी आणि ब्रॉडी यांची समोरासमोर गाठ. कथनातील सूक्ष्मता त्यामुळे गेली, हे मान्य केले पाहिजे. मात्र मेरीचा मृत्यू ब्रॉडीच्या शब्दाला थेट जोडला गेला आणि जबाबदारीचा प्रश्न टाळता येणार नाही असा झाला, हा लाभही लहान नाही.

नीलच्या मृत्यूची मांडणी याच्या नेमकी उलट आहे. नाटकातील पकच्या भूमिकेसाठी तो वडिलांच्या नावाने खोटे पत्र तयार करतो. वडिलांना कळल्यावर कीटिंग त्याला योग्य तेच सांगतो : त्यांच्याशी बोल. नील बोलत नाही, पण बोललो आणि त्यांनी होकार दिला, असे कीटिंगला सांगतो. प्रयोगाच्या रात्री वडील त्याला घरी नेतात, लष्करी शाळेत घालण्याचा निर्णय ऐकवतात आणि पहाटेपूर्वी नील वडिलांच्याच पिस्तुलाने जीव देतो. चित्रपट प्रत्येक पायरीवर कीटिंगला दोषमुक्त करीत जातो. शाळा त्याच्यावर ठपका ठेवते तेव्हा तो अन्याय आहे, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका उरत नाही. अन्याय आहेच. परंतु मुलगा खोटे बोलत आहे, असे क्षणभर कीटिंगला जाणवते की काय, असे वाटायला लावणारी विल्यम्स यांची ती नजर आहे. तिच्याकडे चित्रपट परत जात नाही. नीलला ‘नाही’ म्हणायला त्याने शिकवले, पण वडिलांसमोर उभे राहून वाक्य कसे पुरे करावे हे शिकवले नाही. नीलला त्या रात्री नेमके तेच साधत नाही. काय वाटते ते सांग, असे वडील विचारतात आणि तो ‘काही नाही’ म्हणून खाली बसतो.

जबानीचा प्रसंग दोन्हीकडे निर्णायक. वेल्टनमध्ये कॅमेरन प्रथम नावे सांगतो. तो भित्रा आणि आपमतलबी म्हणून रंगवला आहे. बाकीचे दबावाखाली सही करतात. म्हणजे शिक्षकाविरुद्ध बोलणे हे या चित्रपटात केवळ भीतीपोटीच शक्य आहे. विचारपूर्वक कोणी त्याच्याविरुद्ध जाऊ शकेल, ही शक्यता पटकथेने जागाच न ठेवता मिटवली आहे. सँडीची जबानी भीतीतून येत नाही. तिच्यात मत्सर आहे, दुखावलेला अभिमान आहे, ब्रॉडीने आपल्याला ‘भरवशाची’ एवढीच भूमिका नेमून दिली याचा राग आहे. आणि तरीही तिचा निर्णय बरोबर आहे. हेतू मिश्र असूनही कृती योग्य असू शकते, हे गुंतागुंतीचे सत्य मांडण्याचे धैर्य जुन्या चित्रपटात आहे. ज्या शिक्षिकेने अनुयायी घडवायचे ठरवले, तिच्या वर्गातून एक स्वतंत्र विचार करणारी मुलगी बाहेर पडली. ज्या शिक्षकाने स्वतंत्र विचार करणारे घडवायचे ठरवले, त्याच्या वर्गाची अंतिम परीक्षा निष्ठेची ठरली.

ही निष्ठाही उथळ नाही, हे सांगितले पाहिजे. शुलमन यांच्या मूळ पटकथेत कीटिंग दुर्धर आजाराने ग्रस्त असल्याचा भाग होता. विअर यांनी तो काढून टाकला. मुले उठून उभी राहावीत ती दयेपोटी नव्हे, ही त्यामागील दृष्टी रास्त होती. त्यामुळे टॉड बाकावर चढतो तेव्हा तो एका मरणाऱ्या माणसाला निरोप देत नसतो; आपण सही केली, या शरमेला तो वाचा फोडत असतो. वर्षभरात त्याने उच्चारलेले हे दुसरेच पूर्ण वाक्य असावे, असे गमतीने म्हणता येईल. सँडी मात्र निघते ती एकटीच. मागून ब्रॉडीची किंकाळी येते, मारेकरी म्हणून. शेवटच्या दृश्यात सँडीच्या गालावरून अश्रू ओघळतो आणि पार्श्वभूमीला पुन्हा ब्रॉडीचाच आवाज असतो. कोवळ्या वयाची मुलगी माझ्या हाती द्या, ती जन्मभर माझी राहील, या तिच्या जुन्या दर्पोक्तीचा. ती दर्पोक्ती खरी ठरली की खोटी, हे त्या अश्रूवरून ठरवता येत नाही.

वेल्टनच्या शेवटच्या दृश्यात एक तपशील असा आहे की तो पहिल्या पाहण्यात सहसा निसटतो. वर्गातले सर्वच विद्यार्थी बाकांवर चढत नाहीत. बरेच जण खाली मान घालून बसून राहतात. संगीत चढत जाते, मुख्याध्यापक नोलन हतबल होऊन ओरडत राहतात, कॅमेरा उभे राहिलेल्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो आणि टॉडवर स्थिरावतो. बसून राहिलेले सगळेच कॅमेरनसारखे भित्रे होते, असे मानायला चित्रपटात आधार नाही. त्या तासाला नोलन यांनी आपले स्वतःचे पुस्तक देऊन प्रिचर्डचा तो निबंध मोठ्याने वाचावयास सांगितला होता. इतर सर्व प्रतींतली पाने फाडलेली होती. वाचन अर्ध्यावर तुटले. खाली बसलेल्यांपैकी एखाद्याला तो निबंध पुढे ऐकायचा असेल, त्यात नेमके काय चुकले आहे हे स्वतः पाहायचे असेल, तर त्याला ती संधी त्या दिवशीही मिळाली नाही.